भूकंप आणि आकाशाची साक्ष

संकटाचे भय मनुष्यास असतेच. परंतु जे संकट पूर्वसूचना न देता येते, त्याचे भय निराळ्या जातीचे असते. वादळ यावयाचे झाले तर आधी क्षितिज काळवंडते, समुद्र घुमू लागतो, आणि किनाऱ्यावरचा कोळी आपली होडी वर ओढून घेतो. दुष्काळ पावलापावलाने येतो. रोगाची साथसुद्धा एका गावाहून दुसऱ्या गावास जाते, म्हणून तिची वार्ता तिच्यापुढे धावते. भूकंपाचे तसे नाही. ज्या भूमीच्या स्थिरपणावर आपण इतर सर्व वस्तूंची स्थिरता मोजतो, तीच मध्यरात्री हालते आणि अर्ध्या मिनिटात पिढ्यान् पिढ्यांचा संसार मातीस मिळतो. अशा आघातापूर्वी कोठे तरी काही तरी खूण झाली असलीच पाहिजे, असे मनास वाटल्यावाचून राहत नाही. आणि पायांखालची भूमी मुकी असल्यामुळे मनुष्य साहजिकच डोळे वर करून आकाशाकडे पाहू लागतो.

हे पाहणे आजकालचे नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या ‘बृहत्संहिते’त भूकंपाच्या लक्षणांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्याने पूर्वाचार्यांची मते एकामागून एक नमूद केली आहेत. कोणी म्हणतो, पाण्यात राहणारे प्रचंड प्राणी हालतात म्हणून भूमी कापते. कोणी म्हणतो, पृथ्वीचा भार वाहून थकलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून. कोणी म्हणतो, वाऱ्यावर वारा आदळून खाली पडतो म्हणून. आणि कोणी सरळ अदृष्टाकडे बोट दाखवितो. त्यापुढे जाऊन भूकंपांचे वायू, अग्नी, इंद्र व वरुण यांच्या नावांनी चार वर्ग केले असून, भूकंपाच्या आधी सात दिवस वातावरणात कोणती चिन्हे दिसतात तीही वर्गवार सांगितली आहेत. तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलनेही पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वाऱ्यासच भूकंपाचे कारण ठरविले होते. या थोर पुरुषांस हसण्याचे काहीच कारण नाही. भूमी हालते ही गोष्ट समजण्यासाठी जे हालते, वाहते व आदळते असे त्यांस ठाऊक होते, त्या वाऱ्याचाच दृष्टान्त त्यांनी घेतला.

आमच्या किनाऱ्यावर तर या दोन उत्पातांची गल्लत इतिहासाच्या पानांतही झालेली आहे. १६१८ सालच्या मे महिन्यात मुंबईस मोठा भूकंप झाल्याची नोंद जुन्या याद्यांतून पुष्कळ काळ चालत आली. पुढे काही संशोधकांनी मूळ वर्णने पुन्हा तपासली, तेव्हा तो भूकंप नसून प्रचंड चक्रीवादळ असावे असे मत पुढे आले. घरे पडली होती, माणसे मेली होती. पाडणारा कोण, वारा की भूमी, एवढेच ठरावयाचे राहिले होते.

गेल्या साठ वर्षांत हा जुनाच प्रश्न नव्या वेषाने शास्त्रज्ञांपुढे उभा आहे. भूकंप, वातावरण आणि वातावरणाच्याही वरचा विद्युद्भारित थर, ज्यास आपल्या भाषेत आयनांबर असे नाव मिळाले आहे, या तिहींत काही भौतिक संबंध आहे काय? असल्यास तो भूकंपानंतरचा आहे की आधीचाही आहे? आणि आधीचा असल्याचा नुसता संशय असेल, तर ज्यास तो संशय आला त्याने तो लोकांस सांगावा की मनात ठेवावा? पहिले दोन प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत. तिसरा नीतीचा आहे, आणि तो शास्त्रज्ञांपुरता मर्यादित नाही, म्हणूनच या पृष्ठांत त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

रायगडच्या किनाऱ्यास हा विषय परका नाही. मुंबईच्या कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापिली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला. शतक उलटले, मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. आणि त्या विजेच्या प्रवाहांनी नाजूक चुंबके बिघडून जातील हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत चुंबकीय वेधांचे काम खाडीपलीकडे अलिबागेस नेण्यात आले. १९०४ साली तेथे काम सुरू झाले, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने चालविण्यात आल्या, की जेणेकरून जुन्या मालिकेचा सांधा नव्या मालिकेशी बिनचूक जुळावा. अलिबागचा जलदुर्गही कुलाबाच, आणि १९८१ पर्यंत या जिल्ह्याचेही नाव तेच होते. तेव्हा वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यासच गेली, असे म्हटले तरी चालेल. पुढे १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिचे मुख्य ठाणेही आता याच जिल्ह्यात, नवी पनवेलीस आहे.

चुंबकाचा आणि आकाशाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. सूर्याचे प्रखर किरण हवेच्या अतिविरळ वरच्या थरांतील अणूंतून इलेक्ट्रॉन अलग करतात. भूमीपासून सुमारे साठ-सत्तर किलोमीटरांवर सुरू होऊन शेकडो किलोमीटर उंच पसरलेला हा विद्युद्भारित प्रदेश म्हणजेच आयनांबर. त्यातून विजेचे प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांमुळे भूपृष्ठावरील चुंबकीय बल रोज दिवसा किंचित बदलते व रात्री पूर्वस्थितीस येते. तेव्हा अलिबागेच्या बंद खोलीत टांगलेले चुंबक हे वस्तुतः शंभराहून अधिक किलोमीटर उंचीवरील घडामोडी नोंदवीत असते. १८५९ सालच्या सप्टेंबराच्या दुसऱ्या तारखेस कुलाब्याच्या नोंदीत हे बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली कोसळले. आदल्या दिवशी इंग्लंडात कॅरिंग्टन नामक ज्योतिर्विदाने सूर्यबिंबावर एक विलक्षण झगमगाट पाहिला होता. त्याचाच तो परिणाम होय.

परंतु हेच टांगलेले चुंबक आणखी एका कारणाने हालू शकते. दूर कोठे मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा वेधशाळेच्या पायाखालून गेल्या, तर चुंबकाचा झोका निव्वळ हिसक्यानेही होतो. नोंदीवर रेषा कापली एवढेच दिसते. ती आकाशाने कापविली की भूमीने, हे रेषा स्वतः सांगत नाही; ते पाहणाऱ्यास शेजारच्या भूकंपलेखकाची नोंद पाहून, वेळ ताडून, विवेकाने ठरवावे लागते. या लहानशा अडचणीत आमच्या सबंध विषयाचे बीज आहे.

आता भूकंपाचा आकाशावर परिणाम होतो काय, हे पाहू. होतो, आणि याविषयी आज विद्वानांत वाद उरलेला नाही. १९६४ सालच्या मार्च महिन्यात अलास्कात अतिप्रचंड भूकंप झाला, तेव्हा रेडिओलहरींच्या साह्याने आयनांबराचे वेध घेणाऱ्यांस त्यात स्पष्ट हेलकावे आढळले. कारण समजण्यास कठीण नाही. भूमी वरखाली झाली की ती ढोलाच्या कातड्याप्रमाणे वरच्या हवेस धक्का देते. कानास ऐकू न येणारी ही ध्वनीची लाट वर चढू लागते. जसजशी हवा विरळ होत जाते, तसतशी तीच शक्ती थोड्या कणांच्या वाट्यास येते, आणि म्हणून लाटेचा झोका वाढत जातो. भूमीवर जो हेलकावा मिलिमीटरांत मोजावयाचा, तो आयनांबरापर्यंत पोहोचेतो हजारो पटींनी मोठा होतो. या प्रवासास सुमारे आठ ते दहा मिनिटे लागतात. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा तेथील हजाराहून अधिक स्थानकांवर उपग्रहांचे संदेश टिपणारी यंत्रे चालू होती. त्या संदेशांच्या विलंबावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते. तळ्यात दगड टाकावा आणि वर्तुळे उठावीत, तशी वर्तुळे जपानवरील आकाशात उठलेली त्या गणितातून दिसून आली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर असेच विक्षोभ आढळले, आणि त्यांच्या अभ्यासात नवी पनवेलीच्या संस्थेतील शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा बेटांजवळ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा तर हवेच्या दाबाची लाट साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालून पुन्हा परतली. मोठ्या सागरी लाटाही आपल्या वरच्या हवेस हेलकावे देतात. भूकंपानंतर समुद्रात त्सुनामी निघाली आहे की नाही, हे आकाश पाहून लवकर ओळखता येईल काय, याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते आम्हांस आशाजनक वाटतात.

एतावता भूमीची वार्ता आकाशास पोहोचते हे सिद्ध आहे. परंतु लोकांस जे हवे आहे ते हे नव्हे. त्यांस आधीची वार्ता हवी आहे. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या काही किलोमीटरांवर चुंबकत्वाचे अतिमंद फेरफार नोंदविणारे एक यंत्र होते. भूकंपापूर्वी त्याच्या नोंदीत चमत्कारिक वाढ झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि सर्वत्र मोठी आशा उत्पन्न झाली. वीस वर्षांनी त्याच नोंदी इतर ठिकाणच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर, ती वाढ अंशतः साऱ्या पृथ्वीवर पसरलेल्या चुंबकीय हालचालीची व अंशतः यंत्रातील दोषाची असावी, असा प्रतिपक्ष निघाला. २०११ च्या भूकंपापूर्वी सुमारे चाळीस मिनिटे जपानवरील इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली होती, असे तेथील एका विद्वानाने दाखविले. त्यावर दुसऱ्यांनी म्हटले की, भूकंपानंतर त्या ठिकाणी आयनांबरात जो खळगा पडला, त्याने तुलनेची रेषाच खाली ओढली. म्हणून आधीची पातळी उंच भासते, ती खरोखर उंच नव्हती. फ्रान्सने २००४ साली केवळ याच प्रश्नासाठी ‘डेमेटर’ नावाचा उपग्रह सोडला, आणि तो २०१० पर्यंत चालला. हजारो भूकंपांच्या नोंदी एकत्र केल्यावर, रात्रीच्या वेळी भूकंपापूर्वीच्या काही तासांत एका विशिष्ट पट्ट्यातील विद्युच्चुंबकीय लहरी अल्पशा क्षीण होतात, असे त्यात आढळले. परंतु ही क्षीणता इतकी सूक्ष्म आहे की तिच्यावरून कोणत्याही एका भूकंपाचे भाकीत करता येत नाही. असे का व्हावे याविषयी तर्क पुष्कळ आहेत. भेगांतून रॅडॉन वायू निसटून हवेत विद्युद्भार निर्माण करीत असेल. दाबाखाली चिरडणाऱ्या खडकांतून विद्युद्भार सुटत असतील. हे तर्क अशक्य कोटीतील नव्हेत. परंतु शक्य आणि सिद्ध यांत जे अंतर आहे, ते अद्याप ओलांडले गेलेले नाही.

आमच्या नैयायिकांनी या अंतराचा विचार फार बारकाईने केलेला आहे. धूर तेथे अग्नी, हे म्हणण्यापूर्वी दोघांचा नियत सहचार, म्हणजे व्याप्ती, सिद्ध झाली पाहिजे. आणि मध्ये एखादा उपाधी तर लपलेला नाही ना, हेही पाहिले पाहिजे. अग्नी तेथे धूर असतोच असे नाही, कारण धुरास ओले सरपण लागते. ते सरपण हाच तेथील उपाधी. आयनांबराच्या बाबतीत हा उपाधी आहे सूर्य. त्याच्या लहरीनुसार आयनांबर सदैव बदलत असते. दिवसरात्र, ऋतू, आणि अकरा वर्षांचे सौरचक्र यांचे फेरफार त्यात एकमेकांवर चढलेले असतात. उलट बाजूस, पाच किंवा त्याहून अधिक प्रतीचे भूकंप साऱ्या जगात मिळून वर्षास सुमारे दीड हजार होतात, म्हणजे दिवसास चार पडले. ज्या आकाशात दर पंधरवड्यास काही ना काही विलक्षण घडते आणि ज्या पृथ्वीवर रोज चार ठिकाणी भूमी कापते, तेथे प्रत्येक आकाशचिन्हाच्या मागून कोठला तरी भूकंप येणार हे ठरलेलेच आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गाठ पडण्यास यापरते सोयीचे झाड कोणते? म्हणून चिन्हानंतर भूकंप किती वेळा झाला, एवढेच मोजून भागत नाही. चिन्ह होऊनही भूकंप किती वेळा झाला नाही, आणि चिन्हावाचून तो किती वेळा झाला, हेही मोजले पाहिजे. ही दुसरी व तिसरी मोजणी कंटाळवाणी असते, आणि तीच बहुधा राहून जाते.

यावरून नव्या संबंधाची शंका घेणाऱ्यास वेड्यात काढावे, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, तेव्हा धरणात साठविलेल्या पाण्यामुळे भूकंप झाला हे म्हणणे अनेकांस चमत्कारिक वाटले असेल. परंतु त्या म्हणण्याने कसोटी टाळली नाही. पाणी साठण्यास आरंभ झाल्यावर धक्के वाढले. ते जलाशयाच्या परिसरातच राहिले. पाण्याच्या पातळीच्या चढउतारांशी त्यांचा मेळ दिसला. खडकांच्या भेगांतील पाण्याच्या दाबाने घसरण सुलभ होते, ही उपपत्ती मिळाली. इतर देशांतील धरणांपाशी तसेच अनुभव आले. आणि पुढे भूमीच्या पोटात तीन किलोमीटर खोल विवर पाडून तेथील खडक प्रत्यक्ष तपासण्यापर्यंत अभ्यास पोहोचला. आज कोयनेचे उदाहरण जगभर शिकविले जाते. आकाशचिन्हांच्या पुरस्कर्त्यांनीही हाच मार्ग धरावा, इतकेच त्यांच्याकडे मागणे आहे.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. मनुष्यास खूण हवी असते ती केवळ पळून जाण्यासाठी नव्हे. संकट आपणांस उद्देशून आले, त्यास काही अर्थ होता, असे वाटण्याचीही त्यास भूक असते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेस तिरुनेलवेलीच्या सभेत महात्मा गांधींनी सांगितले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक. तरीही त्यांनी या विधानाचा स्पष्ट निषेध केला, आणि तो निषेध गांधींनी आपल्या ‘हरिजन’ पत्रात १६ फेब्रुवारीस उत्तरासह छापला. भौतिक घटनेस भौतिकच कारणे असतात, हे तर रवींद्रनाथांचे म्हणणे होतेच. पण त्यांचा अधिक मर्मभेदक मुद्दा असा होता की, हाच युक्तिवाद गांधींच्या विरोधकांस अधिक शोभतो. अस्पृश्यता मोडल्यामुळेच देव कोपला, असे सनातन्यांनी म्हटले असते तर त्यास उत्तर काय? हे वाद घडून नव्वद वर्षे लोटली, परंतु त्यातील धडा शिळा झालेला नाही. जे चिन्ह कोणत्याही पक्षास सारखेच वापरता येते, ते कोणत्याच पक्षाचा पुरावा नसते. योगायोग असा की, त्याच तिरुनेलवेलीस आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक प्रयोगशाळा असून तेथून आयनांबराचे वेध घेतले जातात. आकाशाकडे पाहण्याच्या दोन रीती एकाच गावात नांदून गेल्या.

मग ज्यास अर्धवट काही कळले आहे त्याने काय करावे? इटलीतील लाक्विला गावचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. २००९ सालच्या आरंभी तेथे महिनोन् महिने लहान धक्के बसत होते. रॅडॉन वायू मोजणाऱ्या एका तंत्रज्ञाने मोठ्या भूकंपाची भाकिते केली. त्यांत सुल्मोना या दुसऱ्याच गावाविषयीचे भाकीत होते, आणि तेथे काही घडले नाही. लोक घाबरले, म्हणून ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची सभा भरली, आणि एका अधिकाऱ्याने जाहीरपणे लोकांस निर्धास्त राहण्यास सांगितले. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला आणि ३०९ माणसे मेली. धक्के बसू लागले की रात्र मोकळ्या मैदानात काढावी, अशी त्या गावातील जुनी चाल होती; त्या रात्री अनेकांनी ती आश्वासनामुळे मोडली, असे मागे राहिलेल्यांनी सांगितले. २०१२ साली सहा शास्त्रज्ञांस व त्या अधिकाऱ्यास कारावासाची शिक्षा झाली. २०१४ साली शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, पण रद्द झाली नाही.

पुष्कळांनी या खटल्याचे वर्णन ‘भूकंप न सांगितल्याबद्दल शास्त्रज्ञांस शिक्षा’ असे केले. ते यथार्थ नव्हे. भूकंप सांगता येत नाही हे न्यायाधीशांसही ठाऊक होते. आरोप होता तो, ठाऊक नसताना ‘भय नाही’ असे म्हटल्याचा. येथे आम्हांस खरा नैतिक भेद दिसतो. भयाची खोटी हाकाटी आणि अभयाचे खोटे वचन, ही दोन्ही एकाच अज्ञानाची अपत्ये आहेत. परंतु समाज पहिलीस गुन्हा मानतो आणि दुसरीस धीर देणे म्हणतो. आमच्याच प्रांतातील दोन उदाहरणे घ्या. १९९२ साली किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसले आणि थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, तेथे ६.२ प्रतीचा भूकंप झाला व सुमारे आठ हजार माणसे गेली. उलट, २०१८ च्या नोव्हेंबरापासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. पण तिच्यातून मोठा भूकंप उद्भवला नाही. चिन्ह तेच, शेवट दोन. किल्लारीत ‘काही होणार नाही’ म्हणणारा आणि डहाणूस ‘आता मोठा येणार’ म्हणणारा, या दोघांपैकी एकासही ज्ञान नव्हते.

म्हणून आमचे मत असे आहे की, जाणत्याने गप्प बसू नये. परंतु त्याने आपल्या विधानाबरोबर त्या विधानाचे वजनही सांगावे. ‘हे मला दिसले, असे दिसूनही बहुधा काही होत नाही, होणारच नाही असेही मी म्हणत नाही’, इतके तिन्ही भाग त्याने उच्चारले पाहिजेत. असे बोलणे नीरस असते. वर्तमानपत्रास ते मथळ्यासाठी उपयोगी पडत नाही, आणि अधिकाऱ्यास त्यातून हुकूम काढता येत नाही. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, सामान्य मनुष्यास हे तोलून घेता येणार नाही. त्यास हो किंवा नाही असेच सांगितले पाहिजे. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. जो शेतकरी नक्षत्र पाहून पेरणी करावी की थांबावे, हे दरवर्षी अपुऱ्या ज्ञानावर ठरवितो आणि त्यावर वर्षाचे पोट लावतो, त्यास संभव म्हणजे काय हे शिकविण्याची गरज नाही. त्यास न पचणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे फसवणूक.

राहिला ऐकणाऱ्याचा धर्म. तोही हलका नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. त्याची सूचना आधी मिळाली होती. हजारो माणसे सुरक्षित स्थळी नेली गेली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले-पत्रे उडाले, परंतु मनुष्यहानी फार थोडी झाली. पूर्वसूचनेचे मोल याहून चांगले कोण सांगणार? आणि तरीही याच जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दोन्हीकडे मिळून दीडशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. उभा डोंगर, पायथ्याची वा उतारावरची वस्ती आणि सह्याद्रीचा धो धो पाऊस, ही चिन्हे दिसण्यासाठी उपग्रहाची आवश्यकता नव्हती. किल्लारीतही माणसांस ज्याने मारले ते मुख्यतः त्यांच्या घरांनी: दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. तितक्याच प्रतीचा भूकंप चांगल्या बांधणीच्या शहरात झाला असता, तर मृतांची संख्या कितीतरी कमी भरली असती. अशा घरांत माणसे राहतात ती हौसेने नव्हे. दगड व माती शिवारात मिळते, लोखंड व सिमेंट विकत आणावे लागते. म्हणून हा दोष त्या घरांत निजणाऱ्यांचा नव्हे; ज्यांस हे आधी ठाऊक होते आणि ज्यांच्या हाती साधने होती, त्यांचा आहे, आणि त्यांत सुशिक्षित मध्यमवर्ग म्हणविणारे आपण सर्व येतो.

आकाशात चिन्हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांस आमचा विरोध नाही; त्यांनी शोधावे, मोजावे, आणि न आढळल्यास तेही छापावे. १८५९ साली कुलाब्यास बसून चुंबकाचे आकडे लिहिणाऱ्यांस ते आकडे पुढे कोणाच्या उपयोगी पडतील याची कल्पना असणे शक्य नव्हते. ते सूर्याच्या प्रकोपाचे परिमाण म्हणून पुन्हा तपासले गेले ते २००३ साली, १४४ वर्षांनी. अलिबागेच्या नोंदींतही कदाचित भूकंपाची एखादी खरी खूण निजलेली असेल. ती सापडेल तेव्हा सापडो. तोपर्यंत या किनाऱ्यावर जी नवी घरे, शाळा व इस्पितळे उभी राहत आहेत, त्यांच्या खांबांत लोखंड किती घातले जाते, हे विचारण्यास कोणत्याही आकाशचिन्हाची वाट पाहावी लागत नाही. आणि तो प्रश्न आम्ही किती वेळा विचारतो, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.